मनकर्णेचा धोतरा

मनकर्णा भित्री होती आणि ते तिला लपवताही येत नसे. ज्याला भीती लपवता येते तो माणूस निम्मा तरी धीट असतो; हिच्याकडे तेवढंही भांडवल नव्हतं. इलिचपूरच्या माळीवाड्यात तिचा जन्म. मोट सुरू झाली की चाकाच्या कुरकुरण्याला घाबरायची. परतवाड्याच्या छावणीत पलटणीचा बँड वाजला की कानांत बोटं घालून आईच्या लुगड्यात तोंड खुपसायची. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने डोळे जे मिटले ते माळ घालतानाही उघडले नाहीत, आणि माळ नवऱ्याऐवजी भटजींच्या गळ्यात पडता पडता राहिली. ही गोष्ट तिची सासू गोदाबाई पुढे जन्मभर सांगत असे, आणि दर वेळी ती माळ भटजींच्या थोडी अधिक जवळ जात असे.

नवरा जानराव छावणीतल्या एका साहेबाच्या बागेचा माळी. साहेबाचा एक बंगला वर चिखलदऱ्याच्या पठारावर होता. उन्हाळ्यात खाली अंगाची लाही व्हायला लागली की साहेब चैत्रात वर येई आणि पाऊस लागायच्या आत उतरून जाई. बाकी वर्षभर बंगल्याला कुलूप, आणि आवाराच्या कोपऱ्यातल्या झोपडीत जानराव, मनकर्णा आणि गोदाबाई अशी तीन माणसं. एकुलती लेक शालू चांदूरला दिलेली. आवाराच्या मागे शंभर पावलांवर दरी, आणि दरीत वाघ. मनकर्णा त्या बाजूला पाठ करून बसत नसे आणि तोंड करूनही बसत नसे, त्यामुळे ती नेहमी तिरपी बसलेली दिसे.

ती सालं कापसाची. दूर कुठल्याशा मुलखात गोरे लोक आपसात लढत होते आणि त्यामुळे आपल्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. हे कसं काय, ते कोणाला नीट सांगता येत नव्हतं, पण भाव मात्र सगळ्यांना पाठ होता. इलिचपुरातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या फुलबागा नांगरून लोकांनी कापूस पेरला. ज्याच्या दारात बैलजोडी तो गाडीवान झाला. घाटाखालच्या गावात जानरावाचा मामा राहत होता. त्याने दोन गाड्या केल्या आणि भाच्याला बोलावणं धाडलं. मग जानराव बाग बायकोवर सोपवून कापसाच्या गाडीवर गेला. अमरावतीला माल टाकायचा, कधी बडनेऱ्यापर्यंत जायचं, तिथे आगगाडीसाठी चाललेलं मातीकाम बघून यायचं आणि महिन्यातून एखादा दिवस घाट चढून घरी.

जाताना तो म्हणाला, "झाडाईले पानी देत जा. मंग काई भेव नाई."

त्याला काय जातंय म्हणायला! पठारावरची माती म्हणजे नुसता मुरूम. हातभर खणलं की कुदळ काळ्या दगडावर खणकन वाजते. पावसाळ्यात तिथे माणसाच्या अंगावर शेवाळ चढेल इतकं पाणी पडतं, आणि दसरा उलटला की ते सगळं दरीत निघून गेलेलं असतं. मग वारा सुटतो. पौषात पहाटे गवतावरचं दंव गोठून पांढरं होतं. त्या पहिल्या हिवाळ्यात मोगरा आधी रुसला. गुलाबाची पानं काळी पडली. शेवंतीने धीर धरला, कळ्याही धरल्या, तर वानरांची टोळी आली आणि पंगतीला बसल्यासारखी एकेक कळी सोलून खाऊन गेली. झेंडूचंही तेच झालं. कण्हेर जगली, पण वीतभर वाढायला तिला वर्ष लागणार होतं. पिवळी कोरांटी तेवढी काटे काढून उभी राहिली. मनकर्णा तळ्यावरून डोक्यावर घागरी आणून मेलेल्या झाडांना पाणी घालत राहिली, कारण पाणी घालायचं बंद केलं तर ती मेली आहेत हे कबूल करावं लागलं असतं.

चैत्रात साहेब आला आणि व्हरांड्यापुढची उघडी माती बघून गेला. त्याचा कारकून चिंतामणपंत हा अमरावतीचा ब्राह्मण, स्वभावाने मऊ. पण निरोप साहेबाचा होता.

"मनकर्णे, साहेबाला संध्याकाळी व्हरांड्यात बसल्यावर समोर पांढरी फुलं दिसायला हवीत," पंत म्हणाले. "पुढच्या चैत्रात दिसली नाहीत तर दुसरा माळी ठेवा म्हणतो."

दुसरा माळी म्हणजे झोपडी दुसऱ्याची. जानरावाला गाडीखाली झोपता येईल, पण सासूला दम्याची धाप, ती कुठे झोपणार? त्या दिवसापासून मनकर्णेला घास गोड लागेना.

गाविलगडाच्या वाटेवर महादेवाचा एक उघडा ओटा होता. भर वैशाखात, भुईला भेगा पडलेल्या असताना, तिला त्या पिंडीमागच्या दगडांत धोतऱ्याचं झाड दिसलं. वीतभर लांब पांढरी फुलं लागली होती. त्याला कोणी पाणी घालत नव्हतं. ओट्यावर वानरं पिलं खेळवत होती, पण धोतऱ्याला एकीनेही हात लावला नव्हता. शेळ्याही त्याला वळसा घालून गेल्या होत्या. मनकर्णा तिथेच मटकन बसली. पांढरं फूल, संध्याकाळी उमलणारं, ऊन, वारा, दगड, वानर, शेळी, कशालाच न भिणारं. आपण जे काही नाही ते सगळं हे झाड आहे, असं तिला वाटलं आणि त्याचाच आधी हेवा वाटला. पण धोतरा म्हणजे विष, आणि त्यातून महादेवाचं फूल. तिने पिंडीला कपाळ टेकवलं, देवाची माफी मागितली आणि वाळलेली काटेरी बोंडं पदरात बांधून घेतली.

घरी गोदाबाई कडाडल्या, "दारात धोतरा लावते का कोणी? डोस्कं ठिकाण्यावर हाय का तुहं?"

गोदाबाईंची जीभ त्यांच्या धापेला कधी दबली नव्हती. घराण्याची रीतभात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सुनेचा पदर डोक्यावरून बोटभर घसरला तरी त्यांना बसल्या जागी दिसे. मनकर्णेने बोंडं उचलून वळचणीला खोचली. पण दुसऱ्या दिवशी ती वाफे करत असताना म्हातारी काठी टेकत स्वतःच आली, बांधावर बसली आणि म्हणाली, "हातभर अंतर सोड. अन् एक रांग इकडं मांगं, झोपडीपाशी लाव." सासूला अचानक काय झालं, हे विचारायची मनकर्णेची छाती नव्हती.

पहिल्या पावसात बी रुजलं आणि दसऱ्याला धोतरा फुलला. दिवेलागणीच्या सुमारास व्हरांड्यापुढे पांढरी रांगच्या रांग उघडे. वानरं आली, हुंगून गेली. दंव पडायच्या दिवसांत मनकर्णेने झाडांवर रात्रीचं गवत पांघरलं आणि ती तगली. चिंतामणपंत तट्टावरून वर आले तेव्हा बघतच राहिले.

"अगं, हा धोतरा की! पण दिसतो मोठा नामी. साहेबाच्या देशात बागेत लावतात म्हणे असलं काही. राहू दे, राहू दे."

त्या संध्याकाळी मनकर्णा कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

संक्रांतीनंतर जानराव एका दिवसासाठी आला. अंगावर नवा अंगरखा, डोक्याला लाल फेटा, मनगटात चांदीचं कडं. कापसाच्या पैशाने तेव्हा सगळेच गाडीवान नटले होते, त्यात नवल नव्हतं. पण तो दिवसभर घुम्यासारखा होता. जाताना त्याचं बोचकं नेहमी मनकर्णा बांधून देई, ते या वेळी त्याने स्वतःच बांधलं. "राहू दे, मी करतो," म्हणाला आणि मागच्या रांगेजवळून वळून घाट उतरला.

पुढच्या बाजाराला मनकर्णा मीठ-मिरची आणायला घाटाखालच्या गावात गेली. बाजारात दवंडी चालली होती. अमरावतीच्या वाटेवर एक गाडीवान मेलेला सापडला होता. कमरेची पैशांची थैली गेली होती, अंगावर मात्र ओरखडा नव्हता. वाटेत भेटलेल्या कुणा गोडबोल्याने रांधून वाढलं आणि पिठात धोतऱ्याचं बी वाटून घातलं. गाडीवाल्यांनो, अनोळख्याच्या हातचं खाऊ नका, ओरडणारा ओरडत होता. ज्याच्याजवळ धोतऱ्याचं बी दिसेल त्याची खबर चौकीत द्या.

मिठाची पुडी मनकर्णेच्या हातातून पडली. पुडी उचलायला वाकली ती उठेचना. शेजारच्या बाईने दंडाला धरून उभं केलं. सगळा बाजार आपल्याकडे बघतो आहे, आपल्या कपाळावर धोतऱ्याचं फूल उमललं आहे, असं तिला वाटत होतं. घाट चढताना एकच गोष्ट ती मनात घोकत होती: बोंडं जागेवर आहेत ना, एवढं पाहू.

पुढच्या रांगेतली जागेवर होती. मागच्या, झोपडीजवळच्या रांगेत बोंड म्हणून उरलं नव्हतं. पानंही खालून ओरबाडलेली.

मनकर्णा त्या रांगेपुढे उभी राहिली आणि तिच्या मनात जे आलं ते यायला नको होतं. वानरं धोतऱ्याला शिवत नाहीत. पठारावरची कोरकू माणसं आवारात येत नाहीत. सासूला तर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं. उरलं कोण? लाल फेटा, चांदीचं कडं, स्वतः बांधलेलं बोचकं. ज्याच्याशी तिने इतकी वर्षं संसार केला, जो सोमवारी महादेवाचा कडकडीत उपास धरतो, मुंगीची रांग दिसली तर कुदळ उचलून पलीकडे टाकतो, त्याचा चेहरा आठवायला गेली तर तिला नुसता तो मेलेला गाडीवान दिसू लागला. आपला माणूस असा नाही, हे ती स्वतःला सांगत होती आणि स्वतःचंच तिला पटत नव्हतं. भीती एकदा घरात शिरली की घरच्याच माणसांची तोंडं लावून फिरते.

सासूला विचारावं, तर लेकावर असा संशय घेतला म्हणून ती जीव घेईल. जानरावाला विचारावं, आणि तो हो म्हणाला तर? तिने कोणालाच विचारलं नाही. पदर खोचला आणि झाडं उपटायला लागली. पुढची रांग, मागची रांग, कळ्या, फुलं, मुळं, सगळी. चैत्रात येणारा साहेब आणि जाणारी झोपडी, काही आठवलं नाही. कवळे भरभरून दरीच्या काठाशी नेली आणि खाली लोटली. ज्या दरीकडे तिने कधी तोंड केलं नव्हतं तिच्या काठावर ती त्या दुपारी पुन्हापुन्हा जाऊन आली. हातांना धोतऱ्याचा उग्र वास सुटला. राखेने घासला तरी गेला नाही.

गोदाबाई दारात बसून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "उपटली सारी?"

"हो, आत्याबाई. कीड लागली होती."

म्हातारीने बोलणं तिथेच तोडलं. असं तोडणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण मनकर्णेचं तेव्हा तिकडे लक्षच नव्हतं.

चार दिवसांनी जमादार आला. घाटाखालच्या चौकीचा, मोठ्या मिशांचा माणूस, सोबत एक शिपाई. मनकर्णेने त्याला फाटकाशी पाहिलं आणि फुटू नये म्हणून हातातली घागर खाली ठेवली.

जमादार वाफ्यांपुढे उभा राहिला. भोकं अजून ताजी होती. "इथं काय होतं?"

"शेवंती," मनकर्णा म्हणाली.

"पंत तं म्हणे धोतरा होता. लई तारीफ करत होते." तो चिडला नव्हता आणि त्यामुळेच त्याची जास्त भीती वाटत होती. "सोमवारी रात्री तुह्या नवऱ्याच्या सोबतचे दोन गाडीवान बेहोश पडले. वाटेत एक मानूस सोबत आला, त्यानं भाकरी भाजल्या, दोघायनं खाल्ल्या. तुह्या नवऱ्यानं नाई खाल्ल्या. तो मानूस पयाला, अन् तुहा नवरा धडधाकट. म्या त्याले इचारलं, तू काहून नाई जेवला? तं म्हणते सोमवार होता. आता तो चौकीत बसून हाय. अन् इथं येऊन पाहतो तं झाडं उपटलेली. मनकर्णाबाई, शेवंती कोणी अशी उपटते का?"

जमादार उद्या-परवा पुन्हा येतो म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर ती मातीतच बसली. नवऱ्याला वाचवायला म्हणून झाडं उपटली आणि ती भोकंच त्याच्याविरुद्ध बोलत होती. आता त्याला फासावर देतील, नाहीतर काळ्या पाण्यावर नेतील, आणि तो दोर आपण वळला, एवढं तिला कळत होतं. तो निर्दोष आहे की नाही, हे मात्र अजूनही कळत नव्हतं. दोन्ही भीती एकाच वेळी पोटात बसल्या होत्या आणि एक दुसरीला हलू देत नव्हती.

दिवेलागणीला गोदाबाईंना धाप लागली. नेहमीची नव्हे. ओठ निळे पडले, डोळे बाहेर आले, आणि म्हातारी हाताने उतरंडीकडे खुणा करू लागली. मनकर्णेने वरची मडकी एकेक उतरवली. सगळ्यांत खालच्या मडक्यात हात घातला तर फडक्यात गुंडाळलेली चिलीम लागली. तिच्या शेजारी वाळवलेली थोडी पानं, आणि एका चिंधीच्या गाठोड्यात काटेरी बोंडं. पानांचा वास तिने ओळखला. तिच्या हातांना अजून तोच येत होता.

गोदाबाईंनी पान चुरलं, चिलमीत भरलं, चुलीतला निखारा ठेवला आणि ओढलं. दोन झुरक्यांत खोकला फुटला आणि मग श्वासाला वाट मिळाली. मनकर्णा भिंतीला टेकून बघत राहिली. जिच्यापुढे पदर बोटभर घसरू द्यायची सोय नव्हती ती म्हातारी विधवा बाई चिलीम ओढत होती.

"बहिरमच्या जत्रेत एका गोसाव्यानं देल्ली होती," गोदाबाई बोलता येऊ लागल्यावर म्हणाल्या. "जानराव पोटात होता तवा. तुहा सासरा पेटवून देये, गपचूप. तो गेल्यावर सुटली. मंग तूच झाडं आणली. तू पान्याले गेली का मी सरपटत सरपटत जाओ. आता सुनेपुढं कसं ओढावं, बाई? मले लाज वाटे."

"अन् बोंडं, आत्याबाई?"

"बियाण्याले. दंवानं झाडं गेली असती तं?"

मनकर्णेने गाठोडं सोडलं. एकेक बोंड उकलायच्या आत तोडलेलं, आणि तोंडाशी कापसाच्या सुताने घट्ट बांधलेलं. वाळताना फुटून बी सांडू नये म्हणून माळी लोक बियाण्याची बोंडं अशीच बांधतात. तिच्या आईने बांधलेली तिने लहानपणी पाहिली होती. ती बोंडं मांडीवर घेऊन मनकर्णा रडायला लागली. जानरावाने काही केलं नव्हतं. महिनोन्‌महिने गाडीवर आपलं आपण करणाऱ्या माणसाने बोचकं स्वतः बांधलं होतं, एवढंच. त्याने काही केलं नव्हतं आणि तिने त्याला मनातल्या मनात फासावर चढवून ठेवलं होतं.

तिने रडत रडत सगळं सांगितलं. दवंडी, बोंडं, जमादार, चौकी. संशयाचं तेवढं सांगितलं नाही. गोदाबाईंनी चिलीम झाडली आणि न सांगितलेलंही ऐकल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"उद्या घेऊन जा हे सारं त्या जमादाराकडं," त्या म्हणाल्या. "बोंडं, पानं, समदं. सांग त्याले, माही सासू वढते म्हणून."

"चारचौघांत सांगू?"

"मंग काय कानात सांगशीन?"

ज्याच्याजवळ धोतऱ्याचं बी दिसेल त्याची खबर चौकीत द्यायची, अशी दवंडी मनकर्णेने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. आता ते बी आपण होऊन ओटीत घालून तिला चौकीची पायरी चढायची होती. पहाटे सासूने गाठोडं बांधून हातात दिलं. "तुमच्यापुरती पानं ठेवली ना, आत्याबाई?" तिने विचारलं. "ठेवली, ठेवली. जाय आता," म्हातारी म्हणाली.

घाट उतरताना सागाचं वाळलेलं पान पडलं तरी तिला वाघाचं पाऊल वाटे. पण वाघाने खाल्लं तर चौकीत जावं लागणार नाही, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला. इतकी ती भ्यालेली होती.

चौकीच्या पडवीत जानराव गुडघ्यांत मान घालून बसला होता. फेटा, कडं, काही अंगावर नव्हतं. तिला पाहून तो उठायला गेला तर शिपायाने खाली बसवलं. मनकर्णेने त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बोलणं झालं नसतं. जमादारापुढे गाठोडं ठेवलं आणि जमिनीकडे बघत बोलायला लागली.

"धोतरा होता, साहेब. शेवंती म्हणाली ते खोटं. बोंडं गेलेली दिसली अन् मले भेव वाटला, म्हणून उपटली. बोंडं माह्या सासूपाशी होती. तिले दमा हाय, ती पानं चिलमीत वढते. चारचौघांत सांग म्हणली."

जमादाराने बोंडं हातात घेतली. एकाचं सूत ओढून पाहिलं, मग दुसऱ्याचं. घरचा तो शेतकरी माणूस असावा.

"हे तं पेरायचं बी हाय," तो शिपायाला म्हणाला. "ज्याले वाटायचं हाय तो बोंडाचं तोंड कायले बांधत बसते?" मग मनकर्णेकडे वळला. "सासू काय वढते म्हणते? दाखव."

मनकर्णेने गाठोड्याचा तळ उलगडला. चुरलेली पानं निघाली. तिने ती बाजूला सारली तर खाली आणखी पानं, आणि त्यांच्याखाली चिलीम. मडक्यात जेवढं होतं तेवढं सगळं. एक पानही म्हातारीने मागे ठेवलं नव्हतं. पोराच्या सुटकेत काही कमी पडू नये म्हणून तिने आपला श्वासच गाठोड्यात बांधून दिला होता.

"खोटं बोलली," मनकर्णा म्हणाली. कोणाला कळेना ती कोणाविषयी बोलते आहे. आणि मग जी बाई नवऱ्याचंही नाव मोठ्याने घेत नसे ती चौकीत सगळ्यांच्या देखत जमादाराला म्हणाली, "बोंडं ठेवा तुमी. पानं मले वापस द्या. म्हातारीपाशी एकबी पान नाई. आताच द्या."

जमादाराने पानं आणि चिलीम पुढे सरकवली. जानरावालाही सोडलं, बोलावू तेव्हा हजर व्हायच्या बोलीवर. पुढे शिमग्याच्या आधी अकोल्याकडे तो रांधून घालणारा माणूस दुसऱ्याच गाडीवानांबरोबर पकडला गेला आणि ते बोलावणं कधी आलं नाही. पण हे त्या दिवशी कोणाला ठाऊक?

दोघं घाट चढू लागली. जानराव मागे पडत होता, चौकीत त्याचे पाय आखडले होते. मनकर्णा थांबली नाही. वाघाची तिला आठवणही झाली नाही. आपण पोचू तेव्हा दारात काय दिसेल, ही एकच भीती उरली होती आणि तिच्यापुढे बाकी सगळ्या पोरखेळ झाल्या होत्या. फाटकातून तिने पाहिलं तर उंबऱ्यावर सासू नव्हती. ती झोपडीमागे होती, उपटलेल्या रांगेत आडवी, भोकांतली माती बोटांनी उकरत. एखादं गळून पडलेलं पान मिळतं का ते शोधत आलेली. श्वास घरघरत होता, पण होता.

मनकर्णेने तिला बसवून मांडीचा टेकू दिला. जानराव धापा टाकत पोचला त्याला चुलीतला निखारा आणायला सांगितलं. चिलीम भरली, निखारा ठेवला, पण म्हातारीच्या छातीत ती पेटवण्याइतका झुरका राहिला नव्हता. चिलीम ओढल्याशिवाय पेटत नाही. मनकर्णेने एकदा त्या विषाकडे पाहिलं, एकदा निळ्या पडलेल्या ओठांकडे, आणि चिलीम स्वतःच्या तोंडाला लावून ओढली. घशात आग गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आपण मरतो आहोत अशी तिची खात्री झाली. तरी तिने दुसऱ्यांदा ओढली, निखारा फुलला, आणि मग चिलीम सासूच्या ओठांशी धरली. सूर्य गाविलगडाच्या तटाआड गेला तेव्हा म्हातारीचा रंग परतला होता.

गोदाबाईंचा पहिला शब्द निघाला तो असा: "पदर घे डोक्यावर. पोरगा पाहून राहिला."

मनकर्णेने पदर घेतला. जानराव उकिडवा बसून त्या रिकाम्या भोकांकडे बघत होता. चौकीतलं तिचं सगळं बोलणं त्याने पडवीतून ऐकलं होतं.

"बोंडं गेलेली दिसली तवा," तो हळूच म्हणाला, "मले काहून नाई इचारलं?"

सांगण्यासारखं मनकर्णेकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. दिवसभर जिने एवढं धैर्य केलं ती आता त्याच्याकडे तिरपी होऊन चिलीम पुसू लागली.

"तिले वाटलं माकडाईनं नेली," गोदाबाई म्हणाल्या.

जानराव माळ्याच्या पोटचा होता. वानर कुठल्या झाडाला हात लावतं आणि कुठल्या नाही, हे त्याला चालायच्या आधी कळलं होतं. त्याने आईकडे पाहिलं, मग बराच वेळ बायकोकडे पाहिलं, आणि पायाने एक भोक बुजवत म्हणाला, "हो. माकडं लई झाली औंदा."